सहा गाठींचा दोरा

“आमच्या सरांनी महाविद्यालयाच्या गच्चीवरून सात वर्षे एका दूरस्थ दीर्घिकेच्या तेजातील चढउतारांची नोंद ठेवली. शेवटच्या वर्षी या नोंदींत जो घोटाळा झाला, तो त्यांच्या मदतनिसामुळे. रंगखान्यात काम करून त्या अल्पशिक्षित माणसाची नजर अधू झाली होती. सरांनी केवळ भूतदयेपोटी त्याला दुर्बिणीजवळ उभे राहू दिले होते. चूक ध्यानात येताच सरांनी ती स्वतःहून, प्रामाणिकपणे वेधशाळेला कळवली.”

हा मजकूर आमच्या महाविद्यालयाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत छापून आला आहे. लिहिणारे गृहस्थ माझे जुने विद्यार्थी आहेत आणि त्यांनी तो आदराने लिहिला आहे, हे मला मान्य आहे. परंतु आदराने लिहिलेले असत्य हे असत्यच असते. आणि त्यात ज्याचा गौरव झाला तो माणूस हयात असेल, तर ते खोडून काढण्याचे काम त्याला दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही. मी संपादकांना दुरुस्तीचे पत्र लिहिले. त्यांचे उत्तर आले की इतक्या वर्षांनी हा विषय कशाला, आणि शिवाय मजकूर तुमच्या बाजूचाच आहे. मजकूर माझ्या बाजूचा आहे हीच माझी तक्रार आहे, हे त्यांच्या लक्षात आले नाही. म्हणून आता सविस्तर लिहितो. वाद एका माणसाच्या डोळ्यांचा आहे. ते डोळे अधू होते की नव्हते, एवढाच प्रश्न आहे.

आधी किरकोळ चुका. वेध महाविद्यालयाच्या गच्चीवरून घेतलेच गेले नाहीत. महाविद्यालयाची दुर्बीण म्हणजे एक पितळी नळी होती आणि ती वर्षातून एकदा पाहुण्यांना चंद्र दाखवण्यासाठी कपाटातून निघत असे. मी त्या काळी सोलापूरच्या पूर्व भागात भाड्याने राहत होतो. शेजारच्या प्रत्येक घरात माग होता आणि आमच्या घरावर माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर होते. वेध घेतले ते त्या माळवदावरून. दुर्बीण माझी होती. मुंबईच्या भंगार बाजारातून आणलेली, जहाजाच्या खिडकीची जाड काच मी आठ महिने स्वतःच्या हातांनी घासली आणि तिचा आठ इंची आरसा केला. नळी गोल करणे परवडेना, म्हणून सुताराकडून सागवानी फळ्यांची चौकोनी करून घेतली. गल्लीतले लोक तिला ‘मास्तरांची पेटी’ म्हणत. आणि वर्षे सात नव्हती, सहा होती. सातव्या हंगामात मी आकाशाकडे पाहिलेदेखील नाही.

माझे एक सहकारी, जे आता नाहीत, ते शेवटपर्यंत सांगत असत की ते रंगारी गृहस्थ वर फक्त चहा घेऊन येत. मी त्यांना प्राध्यापकांच्या खोलीत, सर्वांच्या देखत सांगितले होते की त्या माळवदावर सहा वर्षांत चहाचा एक कप चढला नाही, कारण वाफ आरशावर धरते. ते हसले, आणि पुढच्या समारंभात पुन्हा तेच सांगितले.

आता मूळ विषय. सप्तर्षींच्या शेपटीखाली श्यामशबल नावाचा एक लहानसा तारकासमूह आहे. त्यात एक दीर्घिका आहे, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच, पण फार फार दूरची, ताऱ्यांची वसाहत. आठ इंची दुर्बिणीतून ती धुरकट ठिपक्यासारखी दिसते आणि त्या ठिपक्याच्या मध्यावर ताऱ्यासारखा एक टोकदार बिंदू दिसतो. तो तिचा गाभा. हा गाभा स्थिर तेजाचा नाही. कधी आठवड्यांत, कधी वर्षांत तो उजळतो आणि मंदावतो. एवढ्या मोठ्या वसाहतीचा दिवा असा का कमीजास्त व्हावा, हे त्या काळी कोणालाच नीट उलगडलेले नव्हते. ज्यांना ते शोधायचे होते त्यांना वर्षानुवर्षांच्या नोंदी हव्या होत्या. मोठ्या दुर्बिणी मात्र एकाच दीर्घिकेसाठी अडकवून ठेवता येत नाहीत. म्हणून दक्षिणेतील एका वेधशाळेने काही हौशी निरीक्षकांकडून नोंदी मागवल्या. त्या यादीत मी होतो.

काम सोपे होते आणि त्यामुळेच कठीण होते. दीर्घिकेच्या आसपास चार तारे नकाशात नेमून दिलेले होते. आम्ही त्यांना क, ख, ग, घ म्हणत असू; क सर्वांत तेजस्वी आणि घ सर्वांत मंद. गाभा त्यांपैकी कोणाइतका आहे, किंवा कोणत्या दोघांच्या मधे आहे, एवढे ठरवायचे. मोजायला यंत्र नाही. डोळा हेच यंत्र. एका संध्याकाळच्या अंदाजाला काडीची किंमत नसते. त्याच डोळ्याने, त्याच रीतीने, अनेक वर्षे केलेल्या अंदाजांना किंमत असते. एकदा त्या डोळ्यावर संशय आला की मागची सगळी वर्षे एका फटक्यात जातात.

आणि आता ते गृहस्थ. वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, घरी तेलुगू बोलणारे, बाहेर सोलापुरी मराठी. मी त्यांना मामा म्हणे, ते मला मास्तर. स्मरणिकेत त्यांचा उल्लेख एकेरीत आहे. माझ्या हातून तो तसा होणार नाही. चादरींच्या एका कारखान्यात, सूत रंगवण्याच्या खात्यात ते होते, परंतु त्यांचे काम छटा जुळवण्याचे होते. आज रंगवलेली लडी मूळ नमुन्याशी जुळते की नाही, याबाबत कारखान्यात अखेरचा शब्द त्यांचा. चादरीचा अर्धा भाग सोमवारच्या सुताचा आणि अर्धा शुक्रवारच्या सुताचा असला, तरी मधे पट्टा उमटता कामा नये, यासाठी त्यांना पगार मिळत असे. दीर्घिकेच्या निरीक्षकाला याहून वेगळे काही लागत नाही.

पहिल्या उन्हाळ्यात ते तक्रार घेऊन वर आले. आमच्या माळवदाची माती उडून त्यांच्या अंगणात वाळत घातलेल्या सुतावर पडत होती. त्यांना शांत करावे म्हणून मी दुर्बिणीतून पाहायला सांगितले. बराच वेळ पाहून ते म्हणाले, वरचा तारा आणि डावीकडचा तारा एका रंगातले नाहीत, डावीकडचा ‘एक धुणं जास्त झाल्यावानी’ आहे. छापील यादीप्रमाणे त्या दोघांच्या तेजात अगदी अल्पसा फरक होता, आणि तो माझ्या डोळ्याला दिसू लागायला तीन आठवडे लागले होते. पुढच्याच आठवड्यात त्यांनी न सांगता ओळखले की ख ताऱ्याला तांबूस झाक आहे.

“तांबडं बघत ऱ्हायलं की फुगतं, मास्तर,” ते म्हणाले. “पयली नजर खरी. दुसरीला सोडून द्यायचं.”

लाल ताऱ्याकडे टक लावू नये, हा इशारा मला पुढे दोन वर्षांनी एका इंग्रजी ग्रंथात वाचायला मिळाला. भूतदयेपोटी उभा केलेला माणूस असा नसतो. त्यांना मी बोलावले, कारण त्यांचा डोळा माझ्याहून चांगला होता. हे मी त्या वेळी मोठ्या तोऱ्यात वेधशाळेला लिहिलेही होते. माझा एक निरीक्षक रंगखान्यातला आहे, असे. ते वाक्य पुढे कसे उलटले ते येईलच.

दोऱ्याची कल्पना त्यांची. वेध घेताना डोळा अंधाराला सरावलेला हवा. आकडा लिहायला विजेरी लावली की तो बिघडतो, आणि अंधारात लिहिलेले सकाळी वाचता येत नाही. त्यांच्या रंगखान्यात एक रीत होती. महत्त्वाची लडी असली की दोन माणसे ती वेगवेगळी पाहत, एकमेकांशी अवाक्षर न बोलता, आणि आपला निर्णय लडीच्या शेपटाला गाठी मारून सांगत. आधी बोलले तर दुसऱ्याची नजर बाटते, असे ते म्हणत. तीच रीत आम्ही माळवदावर आणली. गाभा क इतका असेल तर एक गाठ; क आणि ख यांच्या मधे असेल तर दोन; ख इतका असेल तर तीन; असे करत घ इतका मंद असेल तर सात. म्हणजे गाठी जितक्या जास्त, तेज तितके कमी. गाठ इतकी ओढून मारायची की नखाने सुटू नये. मामांचा दोरा तांबडा, माझा कोऱ्या पांढऱ्या सुताचा. दिवस असतानाच तारीख घातलेल्या कागदाच्या दोन पुड्या करून ठेवायच्या. ज्याने त्याने आपला दोरा आपल्या पुडीत, आपल्या डब्यात टाकायचा. डबे बिस्किटांचे होते.

पहिल्या हंगामात एक गंमत झाली. मामा गाठी मारताना तेलुगूत पुटपुटत मोजत: ओकटि, रेंडु, मूडु. मला ते कळत नसावे अशी त्यांची समजूत होती. त्या गल्लीत चार वर्षे काढलेल्या माणसाला तेवढे तेलुगू येतेच. मी ते सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला, त्या महिन्याचे सगळे दोरे बाद करायला लावले, आणि त्यानंतर ओठ मिटून, पाठमोरे बसून गाठी मारू लागले.

डबे उघडण्याचा दिवस ठरलेला असे. श्यामशबल आपल्याकडे संध्याकाळी फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत चांगला दिसतो. जूनच्या ढगांनी आकाश मिटले की एका सकाळी आम्ही दोघे माळवदावर बसत असू. मामा त्या दिवशी धुतलेले धोतर नेसून येत. पुडी सोडायची, दोन दोरे शेजारी ठेवायचे, गाठी मोजायच्या आणि वहीत दोन रकान्यांत लिहायच्या. पाच हंगामांत आमच्यात एका गाठीहून अधिक फरक क्वचितच पडला. दोघांचा मिळून एक आकडा काढून मी वेधशाळेला पाठवत असे. गिरण्यांच्या भोंग्याने दिवस कापला जाणाऱ्या त्या शहरात, कोणाच्या कामाची नसलेली ही नोंद आम्ही दोघे ठेवत होतो, आणि मी इतका नियमित दुसऱ्या कशातही राहिलो नाही. दुष्काळाच्या वर्षी धुळीने आकाश तांबडे होई; त्या वर्षीही आमच्या पुड्या होत्या. जानेवारीत ग्रामदैवताच्या गड्ड्याच्या यात्रेचे शोभेचे दारूकाम संपले की मामा विचारीत, “मास्तर, आरसा पुसला का?”

सहावा हंगाम. पाच वर्षे गाभा बहुधा तीन किंवा चार गाठींवर होता. त्या वर्षी फाल्गुनात चार. मग चैत्राच्या वद्य पंधरवड्यात, चंद्र उशिरा उगवत होता तेव्हा, पहिल्याच संध्याकाळी मामा दुर्बिणीपासून बाजूला झाले आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ पाठमोरे बसून राहिले. नंतर मी पाहिले आणि मीही बसलो. आम्ही बोललो नाही. असे चैत्रात सहा आणि वैशाखात पाच दिवस झाले. मिळून अकरा संध्याकाळी.

नियम मी मोडला. जूनची वाट न पाहता एका दुपारी, मामा कारखान्यात असताना, मी दोन्ही डबे उघडले. मामांच्या अकरा दोऱ्यांना प्रत्येकी सहा गाठी होत्या. माझ्या डब्यात काय होते ते शेवटी सांगेन. इतक्या वर्षांत माझ्या दोऱ्यांबद्दल मामांखेरीज मला कोणी विचारलेले नाही, आणि सगळा वाद तिथेच मिटतो.

मी वेधशाळेला घाईघाईने कळवले की गाभा एकाएकी मंदावला आहे. पत्र महाविद्यालयाच्या छापील कागदावर होते, म्हणून उत्तर प्राचार्यांच्या नावे आले. ते सभ्य आणि थंड होते. एवढी घट यादीतील दुसऱ्या कोणीही कळवलेली नाही. आपला एक निरीक्षक रंगांच्या वाफांत काम करतो असे आपण पूर्वी लिहिले होते. त्याची नजर तपासून घ्यावी. दोघांचे आकडे वेगवेगळे पाठवावेत. आणि शेवटी एक वाक्य होते, ते मला आजही पाठ आहे, पण त्याचा केवळ आशय देतो: दोन्ही निरीक्षकांना असेच दिसले असल्यास, सहाही वर्षांच्या नोंदी ग्राह्य धराव्यात की नाही याचा फेरविचार करावा लागेल.

प्राचार्यांनी मला बोलावले. त्या महिन्यात विभागप्रमुखाच्या जागेसाठी माझे नाव पुढे गेले होते आणि विद्यापीठाची समिती पंधरा दिवसांवर आली होती. पत्र त्यांनी माझ्यासमोर सरकवले. ते रागावलेले नव्हते. उलट मला सोडवायला बसले होते. त्यांनी विचारले की तुमचे स्वतःचे आकडे तर वेगळे असतील ना? मी हो म्हणालो.

त्या एका शब्दासाठी मला कोणी धमकावले नव्हते, हे नमूद करतो, कारण पुढे एका हितचिंतकाने तसेही सांगायला सुरुवात केली होती. ते आणीबाणीचे दिवस होते आणि सगळ्याच गोष्टींचा दोष त्या दिवसांवर टाकण्याची नंतर सोय झाली. मला कोणाचे भय नव्हते. मी बुद्धिमान समजला जात होतो आणि तसाच समजला जावा अशी माझी इच्छा होती.

वहीतले त्या अकरा संध्याकाळींचे पान मी काढून टाकले आणि नवे लिहिले. मामांच्या रकान्यात सहा, माझ्या रकान्यात चार, अकरा ओळी. सहाही वर्षांचे दोन्ही रकाने उतरवून वेधशाळेला पाठवले आणि लिहिले की आधी कळवलेला आकडा केवळ मदतनिसाचा होता आणि माझ्या स्वतःच्या निरीक्षणात घट आढळत नाही. ‘मदतनीस’ हा शब्द स्मरणिकेने शोधलेला नाही. तो माझा आहे. तेव्हा ‘स्वतःहून, प्रामाणिकपणे’ हे दोन्ही शब्द खोटे आहेत. विचारल्यावर कळवले, आणि जे कळवले ते प्रामाणिक नव्हते. वेधशाळेने माझ्या स्पष्टपणाचे आभार मानले आणि मामांचा सहाही वर्षांचा रकाना रद्द केला. मी विभागप्रमुख झालो.

महाविद्यालयाच्या नियामक मंडळावर मामांच्या कारखान्याचे एक मालक होते. प्राचार्यांनी त्यांना ही हकीकत सांगितली, बहुधा गंमत म्हणून; आमचे प्राध्यापक तुमच्या रंगाऱ्याला आकाश दाखवतात आणि त्याला ते फिके दिसते. मालकांना त्यात गंमत दिसली नाही. ज्याला ताऱ्याची छटा चुकते, त्याला सुताची कशी कळणार? आठ दिवसांत छटा जुळवायला दुसरा माणूस नेमला गेला आणि मामांना ओल्या लड्या पिळून वाळत घालण्याच्या कामावर पाठवले.

त्या आठवड्यात ते माझ्याकडे आले. माळवदावर जिन्याने येणारे मामा त्या दिवशी पुढच्या दाराने आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले.

“मालक म्हनतात माझी नजर गेली,” ते म्हणाले. “तुमच्या कॉलेजात कागद आलाय म्हनं.”

मी म्हणालो, आला आहे.

“डबं उघडलं तुमी?”

“उघडले.”

त्यांच्या बोटांच्या पेरांत निळा रंग मुरलेला होता. तो धुतल्याने जात नसे. ती बोटे एकमेकांत अडकवून ते म्हणाले, “माझ्या दोऱ्याला सहा हायत. मीच मारल्यात, मला ठाऊक हाय. तुमच्या किती?”

शेजारचा माग चालू होता. तो थांबला की बोलावे असे मी ठरवले. तो थांबला नाही.

“चार,” मी म्हणालो.

“रोज?”

“रोज.”

मला वाटले आता ते डबा मागतील, दोरे दाखवा म्हणतील. डबा आतल्या खोलीत, फळीवर होता. त्यांनी तो मागितला नाही. मास्तरांचा शब्द आणि मास्तरांचा दोरा यांत फरक असू शकतो, हे त्यांच्या मनात आले नाही.

“मग माझंच चुकलं असंल की,” ते म्हणाले. “आपल्याला कळत न्हाय आपली नजर कवा जाती ते. दुसऱ्यानंच सांगावं लागतं.” उठताना दारात थांबून म्हणाले, “मालक भेटले तर एवढं सांगा मास्तर, तुमी मला पेटीवरनं काढलं न्हाय, मीच बघायचं सोडलं म्हनून. आनि माझा डबा ऱ्हाऊ द्या हितंच. सूत चांगलं हाय, शिवायला व्हईल.”

त्यांनी सांगितले तेवढे मी मालकांना सांगितले. खोटे बोलण्यात मला तोवर काही अडचण उरलेली नव्हती.

पावसाळ्यानंतर महाविद्यालयाच्या एका समारंभासाठी पाहुण्यांना द्यायच्या चादरी निवडायला मी त्या कारखान्यात गेलो. विभागप्रमुख या नात्याने गेलो. रंगखान्याच्या दाराशी, उजेडात, नवा माणूस दोन लड्या हातांत घेऊन उभा होता आणि त्याचे ठरत नव्हते. खांद्यावर ओल्या लड्यांचा भार घेऊन मामा तिथून जात होते. त्याने त्यांना हाक मारून विचारले, बघा हो, एकच हायत न्हवं? मामांनी मान वळवून एकदा पाहिले. तो चेहरा मी सहा वर्षे पाहिलेला होता. पहिली नजर आलेली होती, आणि खरी आलेली होती; ओठ किंचित हललेही. मग त्यांनी मान फिरवली.

“मला काय इचारतो?” ते म्हणाले. “मला दिसत न्हाय.”

समारंभात पाहुण्यांच्या खांद्यावर जी चादर घातली, तिच्या मधोमध फिका पट्टा होता. पाहुण्यांना तो दिसला नाही. मला दिसला.

सातव्या हंगामात मी पेटीवरचे कापड काढले नाही. महाविद्यालयात कामाचा व्याप वाढल्याचे कारण सांगितले आणि सर्वांना ते पटले. मामा पुढे चार-पाच वर्षे जगले. त्यांना कोणताही डोळ्यांचा आजार झाल्याचे मी ऐकले नाही, परंतु टोमॅटो घ्यायचा झाला तरी ते बायकोला विचारीत, पिकलाय का गं. हे मी मंडईत स्वतः ऐकले आहे, त्यांच्या पाठीमागे उभा राहून.

त्यांच्या कन्येचे म्हणणे वेगळे आहे. गेल्या वर्षी एका लग्नात ती मला भेटली. आता ती स्वतः म्हातारी आहे. तिने चार लोकांत मला सुनावले: “तुमच्या त्या पेटीनं आमच्या बापाचं डोळं खाल्लं.” मी तिथल्या तिथे तिला सांगितले की दुर्बिणीने दीर्घिका पाहून कोणाचे डोळे जात नाहीत, माझे गेलेले नाहीत. ती म्हणाली, “तुमचं कशाला जातील?”

पण तिचेही म्हणणे चूकच आहे. माझे विद्यार्थी म्हणतात रंगाच्या वाफांनी डोळे गेले. कन्या म्हणते दुर्बिणीने गेले. माझे दिवंगत सहकारी म्हणत की त्या डोळ्यांचा काही संबंधच नव्हता. पहिल्या दोघांचे भांडण केवळ कारणाचे आहे. डोळे गेले होते हे दोघांनीही गृहीत धरले आहे, आणि ते दोघांनाही अखेर माझ्याच कागदावरून कळलेले आहे.

कोणी म्हणेल की अशा दीर्घिकांचे गाभे असे मंदावू शकतात हे आता सर्वमान्य आहे, तेव्हा मामा बरोबर असतील. हा आधार मला नको. तो गाभा त्या उन्हाळ्यात खरोखर मंदावला होता की नाही, हे ज्यांच्याकडे त्या महिन्यांची छायाचित्रे असतील त्यांनी पाहावे. मला दीर्घिकेची वकिली करायची नाही. प्रश्न मामांच्या डोळ्यांचा आहे. त्याच जागी, त्याच वेळी, त्याच दुर्बिणीतून पाहणाऱ्या दुसऱ्या, निरोगी समजल्या गेलेल्या डोळ्याला जर वेगळे दिसले असेल, तर त्यांची नजर अधू होती. नसेल, तर नव्हती.

दोन्ही डबे माझ्याकडे आहेत. संपादकांनी यावे, माझ्या विद्यार्थ्यांनी यावे, मामांच्या कन्येने तर यावेच. चष्मा आणावा, कारण दोरे बारीक आहेत. मामांच्या डब्यात त्या अकरा संध्याकाळींचे अकरा तांबडे दोरे आहेत आणि प्रत्येकाला सहा गाठी आहेत. माझ्या डब्यात, त्याच तारखांच्या पुड्यांत, अकरा पांढरे दोरे आहेत. त्यांतल्या दहा दोऱ्यांना सहा गाठी आहेत. अकराव्याला चार आहेत. आणि त्या चारांच्या पुढे दोन ठिकाणी सुताला वळण पडलेले आहे, जिथल्या गाठी मी वहीचे पान बदलताना सुईने सोडवल्या.